अक्काची पोच

थोरल्या बहिणीचं, द्रौपदीअक्काचं, अठ्ठ्याहत्तर सालचं पत्र बाबूरावांना पाठ होतं. ‘डोळे गेले. मला लखनौला घेऊन जा.’ त्यांनी उत्तर दिलं नाही. त्याच थंडीत अक्का गावी वारली.

पुढे बायकोनं, सुनंदाबाईंनी, त्या पत्राबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, “उत्तर रजिस्टरनं पाठवलं होतं.” तिसऱ्या दिवशी लखनौतल्या निशातगंजच्या घरी त्याची पोच आली. सहीच्या जागी अंगठ्याचा ठसा होता आणि मधोमध अक्काच्या अंगठ्यावरची विळ्यानं पडलेली चीर. शाई ओली होती.

“बघा, मिळालं होतं अक्कांना,” सुनंदाबाई म्हणाल्या. बाबूरावांनाही तसंच वाटू लागलं.

पण ते जेव्हा जेव्हा कुणाला हे सांगत, त्याच्या तिसऱ्या दिवशी नवी पोच येई. शाई ओलीच असे.

सातव्या वेळी त्यांचं डोकं फिरलं. “कोण हरामखोर चेष्टा करतोय?” म्हणत त्यांनी कार्ड फाडलं.

“बाबूजी, हम तो बस लाते हैं,” पोस्टमन म्हणाला.

दातओठ खात त्यांनी लिहिलं, ‘चार लोकांत तुझी लाज वाटली असती, म्हणून उत्तर दिलं नाही. आता पुरे कर.’

भर दुपारी हजरतगंजच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडलं. बोटं बाहेर काढण्याआधीच आतून कुणीतरी त्यांवर सावकाश ओला अंगठा टेकवला.