बुटाचं बक्कल

दोघी एकाच वेळी बुटाचं बक्कल लावायला वाकल्या आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

म्हणजे कसं आहे, स्कारबाक्कावर बक्कल कधीच ढिलं नसतं, हे अख्ख्या गावाला माहितीये. स्कीची एवढीशी टेकडी, वर जायला एकच लिफ्ट, आणि तीही खुर्च्यांची नाही, दांड्यांची. फिरत्या तारेला लटकलेली आडवी दांडी दोघांनी मिळून बुडाखाली घ्यायची आणि स्कीवर उभ्याउभ्या वर ओढलं जायचं. सहा मिनिटं, खांद्याला खांदा. रांगेत ज्याच्याशी जोडी जुळेल त्याच्याबरोबर. लिफ्टवरचा अर्नफिन कोणाचं ऐकत नाही. रांग असताना एकट्याने जायचं नाही, आणि रिकामी दांडी तर तो मेला तरी सोडणार नाही, वीज काय फुकट येते काय! मग करायचं काय, तर पुढून दोन-दोन मोजत यायचं, नको तो माणूस वाट्याला येतोय असं दिसलं की वाकायचं, बक्कलाशी खेळायचं आणि मागच्याला पुढे जाऊ द्यायचं. कोणी काही विचारत नाही.

गुनवोरने मोजलं. तोरुन येत होती. तोरुननेही मोजलं. दोघी वाकल्या, मागचे दोघं पुढे सटकले, आणि दोघी उभ्या राहून बघतात तर परत शेजारी-शेजारीच!

"चला बायांनो," अर्नफिन दांडी धरून ओरडला, "बर्फ वितळायच्या आत!"

रांगेत कोणी हसलं नाही. ऑक्टोबरपासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. शाळेपासूनच्या मैत्रिणी, पासष्टी उलटलेल्या, घराला घर लागून. टेकडीवरच्या क्लबच्या झोपडीत रविवारी सगळ्यांसाठी वॉफल करायचं काम बावीस वर्षं गुनवोरकडे होतं. मागच्या हिवाळ्यात ती वॉफलचा विजेचा साचा चालूच ठेवून घरी गेली आणि पडदा जळला. ऑक्टोबरात क्लबच्या सभेत विषय निघाला, झोपडीची किल्ली तिच्याकडून काढून घ्यायची का? पहिला हात तोरुनचा वर गेला. आता किल्ली तोरुनच्या खिशात असते.

दांडी लागली. गुनवोर बुटकी, तोरुन ताडमाड, म्हणजे दांडी एकीच्या पाठीत आणि दुसरीच्या मांडीत. तोरुनने गुडघे वाकवले. कोणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवयच ती.

अर्ध्यावर लिफ्ट थांबली. खाली कोणीतरी पडलं असणार. तारेची कुरकुरही बंद झाली, आणि मागच्या दांडीवर आम्हाला शब्द न् शब्द ऐकू यायला लागला.

"सरळ उभी राहा," गुनवोर समोर बघत म्हणाली. "गुडघ्यांची वाट लागेल तुझ्या."

"लागू दे."

बाजूच्या बर्चच्या झाडाच्या फांदीवरून थोडा बर्फ घसरला.

"तू माझ्याकडे बघितलं पण नाहीस," गुनवोर म्हणाली. "हात वर करताना."

तोरुनने हातमोज्याने नाक पुसलं.

"बघितलं असतं तर हात खाली आला असता."

"मग येऊ द्यायचा होतास!"

"आणि उद्या तू आत असताना झोपडी पेटली असती म्हणजे?"

गुनवोरने लाल टोपी कानांवर ओढून घेतली.

"माझं वॉफल कोणी खात नाही," तोरुन म्हणाली. "गेल्या रविवारी मास्तरांनी अर्धं कुत्र्याला घातलं. माझ्यासमोर."

"कुत्र्याने खाल्लं?"

"वास घेतला."

गुनवोरचे खांदे हलले. खांदे हलले म्हणून दांडी हलली, आणि दांडी हलली म्हणून तोरुनही.

"वेलची किती घालतेस गं तू?" तोरुनने विचारलं.

"सांगणार नाही."

हिसका बसला. लिफ्ट सुरू झाली.

वर पोचल्यावर दांडी सोडायचं काम नेहमी तोरुनचं. तिने सोडली. गुनवोर मागे न बघता पुढे घसरत गेली, अगदी उताराच्या तोंडाशी जाऊन थांबली.

"वेलचीचं काही नाहीये," ती तशीच पाठमोरी म्हणाली. "पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं. तुला दम निघत नाही. कधीच निघाला नाही."

आणि निघाली. तिची ती जुन्या पद्धतीची लांबलचक वळणं, या काठापासून त्या काठापर्यंत, कुठे म्हणून घाई नाही.

तोरुनने खिशात हात घातला, किल्ली चाचपली, झोपडीकडे बघितलं. दार उघडायची वेळ झाली होती. मग तिने काठ्या रोवल्या आणि सरळ खाली सुसाट सुटली. गुनवोरला तिने मध्यातच मागे टाकलं. आम्ही खाली पोचलो तेव्हा ती रांगेत उभी होती.

तिने पुढून मोजलं. दातांचा डॉक्टर वाट्याला येत होता. ती वाकली. डॉक्टर पुढे गेला. आम्हीही गेलो असतो, पण पाय निघेना, म्हणून बाजूला सरून उभे राहिलो. बाकीचे दोन-दोन करून गेले. रांग संपली. तोरुन अजून वाकलेलीच, एकच बक्कल उघडतेय, लावतेय, परत उघडतेय.

दांडी फिरून आली. अर्नफिनने ती पकडली, तोरुनकडे ढकलणार तेवढ्यात थांबला. त्याने तिच्या बुटाकडे बघितलं. मग वर बघितलं. तिसऱ्या खांबाजवळ गुनवोरची लाल टोपी निवांत वळण घेत होती.

"बसतच नाहीये मेलं," तोरुन खाली मान घालून म्हणाली.

"जुने बूट," अर्नफिन म्हणाला, आणि त्याने हात सोडला.

दांडी रिकामीच डुलत डुलत वर गेली. तिच्या मागून दुसरीही.