तुपात न घोळलेले आबा

"ये बाळ, बस. जेवलीस का?" भिंतीवरच्या पडद्यातून आबा म्हणाले, तशी सगुणाबाई उंबऱ्यातच थबकली.

"दामू, हे सोंग कोणाचं?"

"अक्का, आपले आबाच. गेल्यावर सगळ्या नातेवाइकांच्या आठवणी यंत्रात भरून केलेत. आज संध्याकाळी कायमचे पक्के होतील. पुढे नातवंडं-पतवंडं यांनाच ओळखतील."

"सगळ्यांच्या? मला कोणी विचारलं?"

धाकटा भाऊ खाली बघू लागला. "भांडण कशाला ठेवायचं मागे?"

आबा जातीचे कासार. साऱ्या गावच्या लेकींना लग्नाचा चुडा त्यांनीच भरला. सगुणाने मनाजोगं लग्न ठरवलं तेव्हा मात्र तिच्यापुढे बांगड्यांच्या पेटीचं झाकण आपटलं. मरेपर्यंत तीस वर्षं बोलले नाहीत. तीही त्यांचीच लेक. दुसऱ्या कासारापुढे हात धरला नाही, आपल्या बांगड्या आपणच भरल्या.

"माझा बाप असा तुपात घोळलेला नव्हता," म्हणत तिने आठवणी टिपणारी पट्टी कपाळाला बांधली. आपटलेलं झाकण, त्या दिवशीच्या शिव्या, आणि मनगटाकडे नुसतं बघून माप सांगणारी ती नजर, सगळं देऊन टाकलं.

पडद्यावरचं चित्र हललं. आबांची नजर तिच्या हातावर थांबली.

"कशाला आलीस? आणि सव्वादोनच्या हातात अडीचच्या बांगड्या? कोणत्या आंधळ्याने भरल्या?"

दामूने कपाळाला हात लावला. सगुणाबाईने पदर खोचून पडद्यासमोरच बैठक मारली.

"मीच भरल्या! तुम्ही पेटी मिटलीत ना? आता बोला, तीस वर्षांचं सगळं बोला. मी हलत नाही इथून."