सहाव्या टीव्हीवरचा म्हातारा

एकच सामना सहा टीव्हींवर सारखाच स्वच्छ दिसणं, हा मानवी प्रगतीचा कळस होय. किर्गिझस्तानातल्या ओश शहरात, आमच्या चहाखान्यात तो पाचांवरच दिसे.

"सहाव्यावर नुसत्या मुंग्या," मालक जोरोबेक टीव्हीवाल्या ऐनुरावर खेकसला. "घोडेस्वारांचा अंतिम सामना आहे, गिऱ्हाइकं उठून चाललीत."

तिने वायर बदलली. घोडे लख्ख दिसले, आणि प्रेक्षकांतला एक म्हातारा. बाकी पाचांवर ती जागा रिकामी होती. तो खेळाकडे पाठ करून आमच्याकडे बघत होता.

"घोडे मागितले होते, म्हातारा कोणी मागितला?"

"काका, मी चित्र आणते, माणसं नाही."

तिने टीव्ही समोरच्या भिंतीवर टांगला. म्हाताऱ्याने मान वळवून जोरोबेकला शोधलं आणि चहाचा रिकामा वाडगा पुढे केला. टवका उडालेला, निळा, आमचाच.

"पोरी," जोरोबेक हळूच म्हणाला, "तेवढ्या मुंग्या परत आण ना."