आरतीचे मासे

दुपारी लाईट गेली. उमादेवींनी फ्रिजमधून बर्फ झालेल्या पाण्याची बाटली काढली, पदरात गुंडाळली आणि जिना चढायला लागल्या. पहाटेपासून मेसचे डबे करून खांदे भरून आले होते. खालच्या खोलीतली शहाबादी फरशी डोळ्यांसमोर येत होती. तिच्यावर नुसतं अंग टाकावं, कुणी हाक मारू नये, एवढंच मनात होतं. पण वर मासे होते. आणि आरती होती.

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूरला आलेल्या पोरी उमादेवींच्या वरच्या खोल्यांत राहायच्या. परीक्षा झाली तशा सगळ्या आपापल्या गावाकडं पांगल्या. हिमायतनगरची आरती तेवढी राहिली होती. पेपर देऊन आली, कॉटवर आडवी झाली, ती भिंतीकडं तोंड करून पडूनच होती. जेवणाचं ताट जसं वर जायचं तसं खाली यायचं.

खोलीवर पत्रे. दार ढकलताच झळ तोंडावर आली. टेबलावरच्या काचेच्या टाकीतला हवेचा पंप बंद पडला होता. दोन्ही लाल मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ करत होते. उमादेवींनी आत बोट बुडवलं. अंघोळीला चालेल इतकं पाणी कोमट.

“आरती, मासे वर आलेत बघ.”

“मरू द्या, काकू.”

आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. उमादेवी रागवायला निघाल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. याच पोरीनं हिवाळ्यात हे मासे प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून आणले होते. वाचून वाचून डोळे शिणले की त्यांच्याकडं बघत बसायची. आणि आज मरू द्या म्हणताना तिनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

उमादेवींनी बाटली टाकीत सोडली. मग पेल्यानं पाणी घ्यायचं आणि उंचावरून परत आत ओतायचं, असं सुरू केलं. तेवढीच पाण्याला हवा. थोड्या वेळानं हात दुखायला लागला. बाटलीतला बर्फ तर डोळ्यांदेखत विरघळत होता. खाली जाऊन पडावं असं फार वाटलं, पण हिला या खोलीत एकटीला सोडून पाय निघेना.

“टाकी खाली नेऊ. खाली गार हाय. धरू लाग.”

आरतीनं उशी डोक्यावर ओढून घेतली.

“मग मी एकलीच नेते.”

त्यांनी निम्मं पाणी बादलीत काढलं, टाकीखाली हात घातले आणि उचलली. ओली काच घामेजल्या हातांतून सरकली. टाकी कलली, पाणी एका बाजूला धावलं, एक मासा उसळून काचेवर आपटला. तेवढ्यात पलीकडून दोन हात आले आणि टाकीच्या बुडाशी घट्ट बसले.

“काकू! फोडता काय? एकट्यानं कशाला उचलायलात?”

केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, ओठ वाळलेले. पण उभी होती.

“तू धरंनास, मग काय करू?” उमादेवी धापा टाकत म्हणाल्या. “आता धरलीस तर सोडू नको. चल, तू पुढं हो.”

आरती उलट्या पावलांनी जिना उतरत होती, उमादेवी वरून भार तोलत होत्या. दर दोन पायऱ्यांना थांबायच्या. “हळू.” “हाव.” याशिवाय बोलणं नाही. टाकी एकदाची खालच्या फरशीवर टेकली.

पेला आरतीनं आपणहून घेतला आणि टाकीजवळ मांडी घातली. उमादेवी भिंतीकडेला आडव्या झाल्या. फरशीचा गारवा पाठीला लागला आणि डोळे मिटले.

“काकू,” पाणी ओतता ओतता आरती म्हणाली, “मला येत होतं सगळं. तिथं बसल्यावर काहीच आठवंना. पप्पाला काय सांगू मी?”

सांगण्यासारखं उमादेवींपाशी पुष्कळ होतं. दरसाल कुणा ना कुणा पोरीला त्या ते सांगतच आल्या होत्या. आज जीभ उचलेना.

“पाणी घालत ऱ्हा,” त्या म्हणाल्या. “मी ऐकायलेय.”

आरती बोलत राहिली आणि ओतत राहिली. मध्येच रडली, नाक पुसलं, पुन्हा ओतायला लागली. ऐकता ऐकता उमादेवींचा डोळा लागला.

जाग आली ती पाण्याचा आवाज थांबला म्हणून. त्या धडपडून उठून बसल्या. आरती टाकीला डोकं टेकून झोपली होती. पेला मांडीवर कलंडला होता, एक हात मनगटापर्यंत पाण्यात तसाच. मासे खाली गेले होते, तिच्या बोटांभोवती सावकाश फिरत होते.

उशाजवळचा फोन थरथरला. उमादेवींनी तो पटकन कानाला लावला.

“आरतीचा पप्पा बोलायलोय. पोरगी आमचा फोनच उचलंना. पेपर कसा गेला म्हणायली?”

“झोपलीय ती,” उमादेवी हळू आवाजात म्हणाल्या. “उठवत न्हाई मी. तुमीच या घ्यायला. सकाळी उन्हाच्या आत निघता येईल असं या. आणि येताना मोठ्या तोंडाचा एक डबा आणा. मासे बी यायलेत तिच्यासंगं.”

“मासे? बरं, आणतो. पण ताई, पेपराचं काय?”

“डबा झाकणाचा आणा,” उमादेवी म्हणाल्या. त्यांनी आरतीच्या मांडीवरचा पेला अलगद उचलला आणि पाणी ओतायला घेतलं.