सावलीकडची भिंत

सावलीकडच्या भिंतीवर, पाण्याखाली पिवळसर थर धरला होता. तलाववाल्याने ओणवं होऊन चिमूटभर थर खरवडला आणि बोटांत चोळून पाहिला. किरकिरला तर धूळ, बुळबुळला तर शेवाळ. पण वीस वर्षं क्लोरीन खाल्लेल्या त्याच्या बोटांना काही कळेना.

"धूळ आहे रे," मागून अण्णा म्हणाले. "परवा केवढा वारा सुटला होता. उगाच राईचा पर्वत करू नकोस."

अण्णा त्याचे वडील. याच तलावावर त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि क्लोरीनची मापं त्याला त्यांनीच शिकवली होती. बायकोच्या ऑपरेशनसाठी तो चार दिवस रजेवर गेला, तेव्हा तलाव त्यांच्यावरच सोपवला होता. थर धुळीचा निघाला तर प्रश्नच मिटला. शेवाळ निघालं तर चार दिवस क्लोरीन पडलंच नव्हतं. म्हणजे अण्णा विसरायला लागलेत असं बायको दोन महिने सांगत होती, ते खरं होतं. त्याने तेव्हा तिलाच झापलं होतं.

त्याने भिंतीवर ब्रश मारला. थर सुटून पाणी गढूळलं. धुळीनेही गढूळतंच. फाटकाबाहेर मुलं टोप्या घालून रांगेत उभी होती, आणि पोहणं शिकवणाऱ्या बाई मिनिटामिनिटाला विचारत होत्या, "उघडू का?"

"थांबा हो जरा," तो खेकसला. मग स्वतःलाच ओशाळला.

"ग्लासात घालून बघ ना," अण्णा म्हणाले. "वर क्लोरीन टाक. शेवाळाचा रंग उडतो, धुळीचा नाही उडत. एवढंही मीच सांगायचं?"

तो खोलीत गेला. पिंपात हात घालून चमचाभर क्लोरीन काढलं; चार दिवसांत पिंपातलं किती कमी झालंय ते मात्र पाहिलं नाही. ग्लासात तलावाचं पाणी, त्यात भिंतीवरचा थर, वर क्लोरीन. ग्लास कठड्यावर ठेवून दोघं बसले.

त्याला बसवेना. उठून त्याने पाइप गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. आपल्या तलावात धूळच निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला तलाववाला जगात तो एकटाच असेल. ग्लासाकडे बघायचा धीर होत नव्हता आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

पाच मिनिटांत पिवळा रंग फिका पडला. मग उरलाच नाही.

अण्णांनी ग्लास उचलून उजेडात धरला. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"शेवाळ आहे. तीन-चार दिवस क्लोरीनचा कणही पडला नाही या पाण्यात. कोण होतं ड्यूटीला?"

त्याने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे लपवाछपवी नव्हती, नुसता संताप होता.

"मीच होतो, अण्णा."

"तू? अरे, लहान लहान पोरं उतरतात यात. केलंस काय?"

"टाकायचं विसरलो."

"विसरलो म्हणे," अण्णा म्हणाले. "ही काय विसरायची गोष्ट आहे?"