आर्विडचा हातभर मासा

"हातभर मासा होता, गरुडाने गळाच्या लाल दोरीसकट पळवला," असं आर्विड महिनाभर सांगत होता. "रोज वाढतोय रे तुझा मासा," आम्ही म्हणायचो.

आज तळ्याकाठच्या घरट्यातल्या गरुडाच्या पिल्लाच्या पायात आम्हाला ओळखीचं नंबरी कडं घालायचं होतं. आमच्यातली सोल्व्हेग पाइनच्या झाडावर चढली आणि वरून ओरडली, "आर्विड, तुझी लाल दोरी सापडली. माशाचा सांगाडापण अडकलाय तिला."

आर्विडची छाती फुगली. "मी खोटारडा, नाही का? आता बोला."

तिने पिल्लू पिशवीत घालून खाली सोडलं, सोबत दोरीही. मी पिल्लाच्या पायात कडं बसवलं आणि दोरी उचलली. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा सांगाडा, पण वीतभरही नव्हता.

आर्विडने तो बराच वेळ निरखला.

"ही दोरी माझी नाही," तो म्हणाला.