पांडुरंगरावांचं पथ्य

“यांच्या पानात पोळी नका वाढू,” मंदाकिनीने वाढणाऱ्या मुलीचा हात अडवला. “शुगर आहे यांना.”

तात्यापारा मोहल्ल्यात मैत्रीण मंजिरीच्या नातवाचं बारसं होतं. पुरणपोळीवरून तूप ओघळत होतं. पांडुरंगरावांनी पोळीकडे पाहिलं, मग बायकोच्या पानाकडे.

“मग तूही नको घेऊ, मंदा. तुह्या पानात दिसली का माहा धीर सुटते.”

तिने आपली पोळी परत केली. पंगतीतल्या बायका हसल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही.

पांडुरंगराव रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाले, त्या वर्षी दोघांनी रक्त तपासून घेतलं होतं. मंदाकिनी तयारच नव्हती. तिच्या आईला शुगर निघाली, त्या दिवसापासून त्या बाईने अंथरूण धरलं आणि पुन्हा उठली नाही. रोगाने नव्हे, नाव ऐकूनच गेली, असं मंदाकिनीचं ठाम मत होतं. “जे काय निघन ते तुम्हीच ऐका,” असं म्हणून ती डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून राहिली.

पांडुरंगराव बऱ्याच वेळाने बाहेर आले. तिच्याजवळ बसले.

“मले शुगर निघाली,” ते म्हणाले. “औषध नको म्हणाले सध्या. खाणं सांभाळा, पायी फिरा, म्हणजे ताब्यात राहीन.”

ती तिथेच रडली. मग डोळे पुसून कामाला लागली.

गुढियारी मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत भाताचं पातेलं लहान झालं. पांढऱ्या तांदळाऐवजी कोदो हे भरडधान्य आलं. आधी काकडी-टमाटर, मग भाजी-वरण, भात शेवटी, असा क्रम लागला. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी आठवड्यातून दोनदा. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं ती चष्मा लावून वाचायची आणि पुडा दुकानदाराला परत करायची. “भैया, इसमें तो शक्करइच शक्कर है.”

पांडुरंगराव कुरकुरत नसत. त्यांची अट एकच, एकट्याने काही करणार नाही. फिरायला ती नाही म्हणाली, तर तेही चपला काढून बसत. दर काही महिन्यांनी रक्त द्यायला जायचं, तेव्हा म्हणत, “आधी तू टोचून घे. तुले पाहून मले हिंमत येते.” एवढा मोठा माणूस सुईला भितो, याचं तिला हसू यायचं. डॉक्टरांकडे मात्र ते एकटेच जायचे.

तिचा स्वतःचा थकवा गेला, गुडघे हलके झाले. “तुमच्या पथ्याचं पुण्य मलेही लागलं,” ती म्हणायची.

पावसाळा सरता सरता त्यांना ताप भरला. डेंग्यू निघाला. भरती करावं लागलं. भिलाईहून लेक अनुश्री धावत आली. मंदाकिनीने आल्या आल्या नर्सला बजावलं, “सिस्टर, इनको शुगर है, ध्यान रखना.”

नर्सने बोटाला सुई टोचून पाहिलं. “शुगर तो एकदम नॉर्मल है, माताजी.”

मंदाकिनीचा चेहरा उजळला. “पाह्यलं, अनु? इतक्या वर्षांची मेहनत आहे माही.”

अनुश्री पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली.

त्या संध्याकाळी पांडुरंगरावांना जरा बरं वाटत होतं. “तोंड कडू झालं, मंदा. गोड शिरा खावासा वाटते. तुह्या हातचा.”

“काही नाही. आता कुठं नॉर्मल आली. घरी चला, मग पाहू.”

ते काहीतरी बोलणार होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, अनुश्री खाली बघत होती. मग त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. “हव,” ते म्हणाले. “घरी गेल्यावर.”

पहाटे त्यांचं बीपी एकदम उतरलं. डॉक्टर धावले, पण ते घरी आले नाहीत.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. अनुश्रीही भिलाईला गेली. मंदाकिनीने भरपूर तूप-साखर घालून शिरा केला. वाटी त्यांच्या फोटोपुढे ठेवली, आणि नैवेद्य टाकवेना म्हणून आपणच खाल्ली. मग ते रोजचंच झालं. मरणाऱ्या माणसाला एक वाटी शिरा दिला नाही, हे तिला रोज आठवायचं आणि रोज ती कढई काढून रवा भाजायला घ्यायची. फिरणं सुटलं. कोदो डब्यात तसाच राहिला. कोणासाठी शिजवायचा?

दिवाळीच्या आधी अनुश्री आली, तर आई ओळखू येईना. चेहरा ओढलेला, पावलांना मुंग्या, सारखी घटाघटा पाणी पीत होती. स्वयंपाकघरात शिऱ्याची कढई.

“आई, ये क्या है? कब से खा रही हो?”

“रोज करतो. तुह्या बाबाच्या वाट्याचा.”

“बंद करो ये. आज से बंद.”

“काहून?” मंदाकिनीचा आवाज चढला. “त्याइले जन्मभर तरसवलं, शेवटच्या दिवशीही नाही म्हटलं. आता मी खाल्लं तर कोणाचं काय जाते? पथ्य ज्याचं होतं, तो माणूस गेला.”

अनुश्रीने गॅस बंद केला. आईसमोर जमिनीवर बसली, तिचे दोन्ही हात धरले. रडू आवरत नव्हतं तिला. लहानपणापासून हिंदीत उत्तरं देणारी पोट्टी, पण हे तिने मराठीतच सांगितलं.

“आई, बाबांना शुगर कधी नव्हतीच. तुले आहे.”